एका ग्रीक धातूचा संसार

माझ्या शिक्षकी पेशांतील एक चूक सांगून आजच्या विषयास आरंभ करतों. आठवीच्या सहामाही परीक्षेंत ‘फोटोग्राफ’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ मीं विचारला होता. उत्तर अर्थातच ‘छायाचित्र’. एका मुलानें लिहिलें, ‘उजेडाचें लिखाण’. मीं त्यावर तांबडी रेघ ओढून शून्य मांडलें. पेपर परत मिळाल्यावर तो उभा राहून म्हणाला, “सर, ऑटोग्राफ म्हणजे स्वतःच्या हातचें लिखाण, हें आपणच सांगितलें. फॉस्फरस म्हणजे उजेड देणारा, हें शास्त्राच्या तासाला सांगितलें. फॉस्फरस आणि फोटो या दोहोंच्या आरंभीं पी-एच-ओ हींच अक्षरें आहेत. मग माझें काय चुकलें?” वर्गांत हंशा पिकला. मीहि हंसलों आणि त्याला खालीं बसविलें. निवृत्त झाल्यावर मोठे कोश स्वस्थपणें वाचावयास सवड मिळाली, तेव्हां दिसून आलें कीं त्याचें कांहींच चुकलें नव्हतें.

ग्रीक भाषेंत ‘ग्राफेइन्’ असा एक धातु आहे. लिहिणें हा त्याचा रूढ अर्थ. परंतु त्याच्या पोटीं दडलेला जुना अर्थ ओरखडणें, खरवडणें असा आहे. होमरच्या ‘इलियड’ महाकाव्यांत एका योद्ध्याच्या खांद्याला भाला लागतो आणि त्याचें टोंक हाड खरवडून जातें. तेथें कवीनें योजिलेला धातु हाच! पपायरसवर शाईनें लिहिणें ग्रीकांना ठाऊक होतें. पण दगड, मेण लावलेली फळी आणि फुटक्या मडक्याचें खापर हीं त्यांचीं नित्याचीं साधनें. त्यांवर लिहावयाचें म्हणजे टोंकदार वस्तूनें ओरखडावयाचें.

खापरावरून एक कथा सांगतों. आपण दुसऱ्याच्या माथीं खापर फोडतों; अथेन्सचे नागरिक खापरावर नांव कोरीत. इ. स. पूर्वीं ४८७ पासून तेथें अशी चाल होती कीं, जो पुढारी राज्याला डोईजड होईल असें वाटे त्याचें नांव नागरिकांनीं खापरावर कोरून टाकावें, आणि मतें पुरेशीं पडल्यास त्या पुढाऱ्यानें दहा वर्षें नगराबाहेर राहावें. खापराला ग्रीक शब्द ‘ऑस्ट्राकॉन’. वाळींत टाकणें या अर्थाचा इंग्रजी ‘ऑस्ट्रसिझम’ हा शब्द त्यावरून आला. अरिस्टायडीस नांवाचा एक पुढारी ‘न्यायी’ म्हणून विख्यात होता. प्लुटार्क सांगतो कीं, मतदानाच्या दिवशीं एका निरक्षर खेडुतानें त्याला न ओळखतां त्याच्याच हातीं खापर दिलें आणि म्हटलें, यावर अरिस्टायडीसचें नांव लिहून दे. त्यानें तुझें काय वांकडें केलें, असें विचारतां खेडूत म्हणाला, कांहीं नाहीं. पण जिकडे तिकडे ‘न्यायी, न्यायी’ हें ऐकून मला वीट आला आहे. अरिस्टायडीसनें निमूटपणें स्वतःचें नांव कोरून दिलें. इ. स. पूर्वीं ४८२ मध्यें तो हद्दपार झाला. इराणी आरमार चालून आलें तेव्हां दोनच वर्षांनीं त्याला परत बोलवावें लागलें. अशीं हजारों खापरें उत्खननांत सांपडलीं आहेत आणि त्यांवरील ओरखडे आजहि वाचतां येतात.

हा ओरखडा एकट्या ग्रीकांचा नव्हे. आपल्या ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थहि तोच. सुश्रुतसंहितेंत शस्त्रक्रियेचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांतील ‘लेखन’ म्हणजे शस्त्रानें खरवडणें. वैद्याचें लेखन आणि कारकुनाचें लेखन हीं अशीं सख्खीं भावंडें आहेत. लॅटिनमधील लिहिण्याचा धातु आणि इंग्रजी ‘राइट’ यांचेंहि कुळ कोरण्या-ओरखडण्याचेंच आहे.

आतां ग्रीक धातूची संतति पाहूं. एक किल्ली ध्यानांत ठेवावी: सामान्यतः ‘ग्राफ’ म्हणजे लिहिणारें साधन किंवा लिहिण्याची क्रिया, आणि ‘ग्रॅम’ म्हणजे लिहिलेली वस्तु. जीवनाचें लिखाण तें ‘बायोग्राफी’, पृथ्वीचें तें ‘जिऑग्राफी’. ‘पॅराग्राफ’ म्हणजे बाजूला ओढलेली रेघ. जुन्या हस्तलिखितांत विषय पालटला कीं समासांत ती ओढीत. वाण्याच्या दुकानांतील ‘ग्रॅम’देखील याच घरचा. ‘ग्राम्मा’ म्हणजे अक्षर. पुढें तें एका लहानशा वजनाचें नांव झालें, आणि १७९५ मध्यें फ्रान्सनें नव्या मापपद्धतींत तें उचललें.

‘ग्रामर’ शब्दापाशीं मात्र थोडें थांबावयास हवें. ग्रीकांच्या लेखीं ती ‘अक्षरांची कला’. आपल्या ‘व्याकरण’ शब्दांत अक्षराचा मागमूसहि नाहीं. त्याचा अर्थ फोड करणें, पृथक्करण. पाणिनीचीं सूत्रें मुखोद्गत करावयाचीं, ऐकून शिकावयाचीं. तेथें उच्चाराला मान. एकाच शास्त्राला दोन देशांनीं दिलेल्या या नांवांत दोन विद्यांचे स्वभाव उमटले आहेत. ‘ग्रामर’ म्हणजे ‘व्याकरण’ एवढें फळ्यावर लिहून मीं तीस वर्षें हात झटकले, याची आतां खंत वाटते. आणखी एक गंमत. मध्ययुगांत सामान्य जनांना लॅटिन विद्या म्हणजे मंत्रतंत्र वाटे. त्यामुळें स्कॉटलंडांत ‘ग्रामर’चें रूप पालटून ‘ग्लॅमर’ असा शब्द झाला. अर्थ जादू, दृष्टिभ्रम. सर वॉल्टर स्कॉटनें तो साहित्यांत रूढ केला. चित्रपटांतील तारकांचें ग्लॅमर आणि मुलांना नकोसें वाटणारें ग्रामर मूळचीं एकच, हें सांगितलें असतें तर माझा वर्ग अधिक जागा राहिला असता!

‘ग्राफाइट’ हें नांव जर्मन खनिजशास्त्रज्ञ व्हेर्नर यानें १७८९ मध्यें दिलें. या खनिजानें लिहितां येतें म्हणून. पूर्वीं लोक त्याला शिशाचाच प्रकार समजत. नांव सुधारलें, पण आपली ‘शिसपेन्सिल’ तशीच राहिली. तिच्यांत शिशाचा कणहि नसतो.

‘टेलिग्राफ’ म्हणजे दुरून लिहिणारें यंत्र. १७९० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें क्लोद शाप यानें उभारलेल्या यंत्रांत तार मुळींच नव्हती. मनोऱ्यांवर लांकडी हात हालवून खुणा करीत. विजेची तार मागाहून आली, आणि आपण तर त्या संदेशालाच ‘तार’ म्हणूं लागलों. १८५२ मध्यें एका अमेरिकन वृत्तपत्रानें ‘टेलिग्राम’ हा शब्द सुचविला, तेव्हां ग्रीकचे पंडित खवळले. नियमानें ‘टेलिग्राफीम’ हवें, असें त्यांचें म्हणणें. शब्दागणिक पैसे मोजणाऱ्यांनीं तें मानलें नाहीं यांत नवल तें काय? भारतांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. शब्द मात्र टिकला.

आतां त्या मुलाच्या शब्दाकडे वळतों. १८३९ मध्यें जॉन हर्शेल या ज्योतिर्विदानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें ‘फोटोग्राफी’ हा शब्द मांडला. ‘फोस्’ म्हणजे प्रकाश. प्रकाशानें केलेलें लेखन तें फोटोग्राफ. फॉस्फरसमध्येंहि हाच ‘फोस्’ आहे. मुलाचा तर्क अक्षरशः खरा होता. मात्र त्याच वर्षीं टॉलबट यानें आपल्या निबंधांत या कलेला सांवली स्थिर करण्याची कला असेंहि म्हटलें होतें. त्यामुळें आपल्या ‘छायाचित्रा’सहि नांव ठेवण्याचें कारण नाहीं. दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्यावयास हवे होते. तो मुलगा पुढच्याच वर्षीं वडिलांच्या बदलीमुळें दुसऱ्या गांवीं गेला, आणि त्या वर्षाचे पेपर रद्दींत गेले.