भेंडातील बृहदीश्वर

लग्नमंडपात वराच्या कपाळी बांधलेले जुन्या पद्धतीचे बाशिंग ज्यांनी जवळून न्याहाळले असेल, त्यांना भेंडाची ओळख करून देण्याचे कारण नाही. पाणथळ जागी उगवणाऱ्या एका झुडपाचा तो पांढराशुभ्र गाभा होय. हाती घेतला तर त्याचे वजन जाणवत नाही, नखाने दाबला तर खूण उमटते. साहेबाची सोला टोपी याच भेंडाची होत असे. तामिळ भाषेत त्याला ‘नेट्टी’ म्हणतात. मट्टु पोंगलच्या दिवशी तिकडे गुरांच्या गळ्यात नेट्टीच्या माळा घालतात. आणि तंजावरचे कारागीर याच हलक्या वस्तूतून भारतातील एका अत्यंत भारदस्त दगडी वास्तूची प्रतिकृती घडवितात.

ही वास्तू म्हणजे बृहदीश्वराचे मंदिर. राजराज चोळाने ते इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण केले. त्याच्या गाभाऱ्यावरील शिखराला, म्हणजे विमानाला, तेरा मजले असून त्याची उंची सुमारे २१६ फूट मानतात. हे विमान अठरा इंचांत बसवावयाचे ठरविले, तर प्रत्यक्षातील बारा फुटांना प्रतिकृतीत एक इंच मिळतो. समोरच्या मंडपातील सुमारे बारा फूट उंचीचा अखंड पाषाणाचा नंदी एका इंचाचा होतो, आणि त्याच्यापुढे उभा असलेला माणूस अर्ध्या इंचालाही पोहोचत नाही.

योगायोग असा की, आकाशात उडणाऱ्या विमानांच्या लहान प्रतिकृतींतही एकास एकशे चव्वेचाळीस हेच प्रमाण रूढ आहे. त्या छंदासाठी साच्यातून काढलेल्या तयार भागांच्या पेट्या विकत मिळतात. तरीही पेटीतील भाग बाजूला सारून, मूळ वस्तू पाहून प्रत्येक भाग स्वतः कोरणाऱ्यास जाणकार अधिक मान देतात. तंजावरच्या कारागिरापुढे असा पर्यायच नसतो. त्याची सुरुवात वाळलेल्या काडीपासून होते. वरची तपकिरी साल तासून काढावयाची, आतील गाभ्याचे पातळ काप आणि पट्ट्या पाडावयाच्या, त्या कोरावयाच्या आणि एकमेकींना चिकटवावयाच्या. सुरी मात्र अतिशय धारदार हवी; बोथट पात्याखाली भेंड कापले जात नाही, ते चेपते.

खरी परीक्षा पुनरावृत्तीत आहे. विमानाच्या मजल्यांवर लहान लहान देवळ्यांच्या ओळी आहेत. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा आत सरकलेला असल्यामुळे खाली बेतलेली पट्टी वर जशीच्या तशी बसत नाही. एकेका मजल्याच्या उंचीत अर्ध्या सुताची, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाची, चूक होत गेली, तर तेराव्या मजल्यापर्यंत ती पाऊण इंचाच्या वर जाते. मूळ मंदिराच्या मापात हे जवळजवळ दहा फूट झाले. एवढ्याने सारे विमान बसके किंवा लांबोडके दिसू लागते.

काय घ्यावयाचे याइतकेच काय सोडावयाचे, हेही कारागिराला ठरवावे लागते. या मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा विस्तृत मराठी इतिहास कोरविला. मराठी यात्रेकरूची पावले तेथे आपोआप थांबतात. परंतु दीड इंचाचे अक्षर या प्रमाणात इंचाच्या शंभराव्या भागाएवढे होईल. भेंडाच्या सच्छिद्र अंगावर ते टिकणे शक्य नाही. म्हणून भिंत कोरी राहते. तेथे खोटी अक्षरे गिरविण्यापेक्षा हा कोरेपणाच प्रामाणिक होय. रंगाची मदतही कारागीर घेत नाही. पांढऱ्यावर पांढरे असे हे काम केवळ कापाच्या खोलीतून पडणाऱ्या सावलीने उठून दिसते. पूर्ण झालेली प्रतिकृती धूळ लागू नये म्हणून काचेच्या पेटीत ठेवतात.

तंजावरच्या नेट्टीकामाला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाला संरक्षण लाभले. पण ते झुडूप उगवते तलावाच्या उथळ पाण्यात. तलाव आटला किंवा बुजला, तर कारागिराच्या हाती कच्चा माल येणार कोठून? थर्मोकोल स्वस्त आहे आणि त्याचे मोठे तक्ते मिळतात. परंतु बारीक कापाखाली त्याचे मणी सुटतात आणि धार राहत नाही. शिवाय घरातील मुलाने सुरी हाती धरावयाची, तर महिनोन्‌महिन्यांच्या या कामाचे मोल देणारा गिऱ्हाईकही हवा. हजार वर्षे उभ्या असलेल्या दगडी मंदिराची निगा राखणारे पुष्कळ आहेत. त्याच्या अठरा इंची प्रतिरूपाचे भवितव्य मात्र गावातील तळे आणि काही थोडी घरे यांवर अवलंबून आहे.