मराठवाड्याचे तिखट धपाटे
धपाटे हा परभणीसह साऱ्या मराठवाड्याचा तिखट, खरपूस पदार्थ. २ वाट्या ज्वारीच्या पिठात पाव वाटी बेसन, तेवढीच कणीक, लसूण-मिरचीचा ठेचा, जिरे, तीळ, हळद, कोथिंबीर आणि मीठ घालतात. ज्वारीत ग्लुटेन नसते. कणकेमुळे पीठ धरून राहते, म्हणून ती वगळू नये. सैलसर मळलेला गोळा ओल्या फडक्यावर पाण्याच्या हाताने थापावा, मध्ये भोके पाडावीत. फडके तापल्या तव्यावर उलटे टाकून अलगद सोडवावे. घाई केली की धपाटे हमखास फाटते. भोकांत आणि कडेने तेल सोडून दोन्ही बाजू खमंग भाजाव्यात. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीच्या वाणात लोह आणि जस्त अधिक असते. त्या ज्वारीचे पीठ मिळाले तर फारच उत्तम. सोबत घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी हवीच.