गावठाणातलं घर की लेआउटमधला प्लॉट?

फ्लॅट की बंगला हा शहरातला वाद. खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजासारख्या मोठ्या गावात तो वेगळ्या रूपात येतो: गावठाणातलं जुनं घर राखायचं, की बाहेर प्लॉट घ्यायचा? जुन्या बोलीत वस्तीची जमीन ती पांढरी, शेताची ती काळी. लेआउट म्हणजे काळीची पांढरी करणं. म्हणून इसार देण्याआधी जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार ती अकृषिक, म्हणजे एनए, झाली आहे का ते पाहावंच.

गावठाणात भिंतीला भिंत, बोळ अरुंद, भावकीच्या वाटण्यांत उरलेल्या दोन खोल्या. पण म्हातारी आई दळणाचा डबा घेऊन एकटी चक्कीवर जाते, वाटेत ओळखीच्या ओट्यावर टेकते. प्लॉटवर गेलं की तिच्यासाठी कुणाला तरी मोटारसायकल काढावी लागते. हा खर्च प्लॉटच्या भावात कुणी धरत नाही.

जुन्या घराला कागद नसतो, ही तक्रार मात्र रास्त. त्यासाठी २०२० मध्ये स्वामित्व योजना आली: ड्रोननं गावठाण मोजायचं आणि घरमालकाला मिळकत पत्रिका द्यायची. ट्रॅक्टर कुठे उभा करायचा, हे मात्र ड्रोनही सांगत नाही.