हॅश निवडताना जरा जपून!

फायनल इयरला 'सिक्युअर चॅट अ‍ॅप' करताय? मग व्हायव्हाला एक प्रश्न येणारच. 'हॅश फंक्शन कोणतं घेतलंत आणि का?' 'एमडी५, कारण नेटवर त्याचाच कोड मिळाला' हे तुमचं उत्तर असेल, तर आधी हे वाचा.

हॅश म्हणजे मेसेजच्या अंगठ्याचा ठसा. मेसेज एका ओळीचा असो की अख्ख्या सिनेमाची फाइल, ठशाची लांबी ठरलेली. मेसेजमधला एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पार बदलतो. दोन वेगळ्या मेसेजचा ठसा एकच निघाला, तर ते 'कोलिजन'. हे कुणाला मुद्दाम घडवता आलं, की तो हॅश बाद!

आता वर्गातला हिशेब बघा. फक्त २३ जण असले, तरी कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. कारण २३ जणांच्या जोड्या होतात २५३! हॅशचंही तसंच. ठसा १२८ बिटचा असेल, तर कोलिजन शोधायला २ चा ६४वा घात एवढेच प्रयत्न पुरतात. म्हणजे कोलिजनपुरती ताकद बिटच्या निम्मीच धरायची.

एमडी५ १२८ बिटचाच आणि त्याची रचनाही कच्ची निघाली. २००४मध्ये चिनी संशोधक शाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची कोलिजन्स दाखवली. तरी तो वापरात राहिला. २०१२मध्ये उघड झालेल्या 'फ्लेम' मालवेअरने याच कमजोरीतून मायक्रोसॉफ्टची वाटावी अशी डिजिटल सही बनवली आणि विंडोज अपडेटच्या नावाखाली कॉम्प्युटरमध्ये शिरकाव केला. पुढे २०१७मध्ये गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने एकच एसएचए-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ जगासमोर ठेवल्या. तोही बाद!

मग घ्यायचं काय? आधी काम बघा.

फाइल तपासायची किंवा डिजिटल सही करायची : एसएचए-२५६ किंवा एसएचए-३ घ्या.

नेटवर्कवरून मेसेज पाठवायचा : नुसता हॅश पुरत नाही. वाटेत बसलेला माणूस मेसेज बदलेल आणि नवा हॅशही जोडून देईल. दोघांनाच माहीत असलेली गुप्त किल्ली हवी, म्हणजेच एचमॅक. किल्ली मेसेजच्या पुढे चिकटवून एसएचए-२५६ काढण्याचा जुगाड मात्र करू नका. किल्ली माहीत नसतानाही मेसेजला शेपूट जोडून त्याचा बरोबर हॅश काढता येतो. एचमॅकमध्ये ही पळवाट बंद आहे.

पासवर्ड साठवायचा : इथे वेगवान हॅशच घात करतो, कारण चोरालाही भराभर अंदाज लावता येतात. मुद्दाम संथ असलेले बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ वापरा. प्रत्येक पासवर्डला वेगळा 'सॉल्ट' हवा. हे दोन्ही त्याची सोय ठेवूनच बनवलेत.

आणि हो, स्वतःचा हॅश 'शोधून' काढायच्या भानगडीत पडू नका. एसएचए-३ खुल्या स्पर्धेतून निवडला गेला. जगभरच्या तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं तो फोडायचा प्रयत्न केला आणि त्यातून तो टिकला.

पायथनमध्ये एसएचए-२५६ आणि एचमॅक दोन्ही आयते मिळतात. त्यामुळे बदल दोन-चार ओळींचाच आहे. आज प्रोजेक्टमध्ये कॉपी केलेला कोड उद्या नोकरीत तसाच उतरतो आणि तिथे खऱ्या माणसांचे मेसेज असतात. सबमिशनच्या आधी कोडमध्ये 'एमडी५' सर्च करून बघाच!