ओझे ओढायचे तर गिअर कोणता?

अमेरिकेत पिकअप गाडीचा वापर केवळ माल वाहण्यासाठी होत नाही. घोड्यांची पेटी, नाव किंवा चाकांवरचे घर गाडीमागे जोडून शेकडो किलोमीटर ओढून नेणे ही तिथे रोजची बाब आहे. त्यामुळे गाडी घेताना ग्राहकासमोर एक प्रश्न येतो: मागच्या आसाचे गिअर-गुणोत्तर किती हवे? एकाच गाडीला, एकाच इंजिनासह, ३.४२, ३.७३ किंवा ४.१० असे पर्याय असू शकतात. आकड्यांतला फरक किरकोळ दिसतो, पण जड ओझ्यासह चढ चढताना तो चांगलाच जाणवतो. याचे कारण शाळेत शिकवलेल्या बल, कार्य आणि शक्ती या तीन संकल्पनांतूनच समजते.

प्रथम हा आकडा येतो कुठून ते पाहू. इंजिनाची गती गिअरपेटीतून लांब दांड्याद्वारे मागच्या आसापर्यंत पोहोचते. तिथे एक लहान दातेरी चाक मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. आपल्याकडचे मेकॅनिक या जोडीला 'क्राउन-पिनियन' म्हणतात. मोठ्या क्राउनला ४१ आणि लहान पिनियनला १२ दाते असतील, तर ४१ ÷ १२ = ३.४२. पिनियनला ११ दाते असतील तर ३.७३ आणि १० असतील तर ४.१०. म्हणजे ४.१० च्या आसात चाकाचा एक फेरा व्हायला दांड्याला ४.१ फेरे घ्यावे लागतात. बदल्यात फिरवण्याचा जोर, म्हणजेच टॉर्क, ४.१ पट होतो.

इथे एक चौकस विद्यार्थी विचारील: सरळ ४० आणि १० दाते का नकोत? तसे केले तर पिनियनचा प्रत्येक दाता क्राउनच्या त्याच त्या ४ दात्यांना भेटत राहील आणि एखाद्या दात्यातला दोष त्याच जागी झीज वाढवत जाईल. ४१ आणि १० यांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही. त्यामुळे प्रत्येक दाता बाकीच्या सर्व दात्यांना आळीपाळीने भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. मूळ संख्या आणि लसावि यांचा असा उपयोग वर्गात जरूर सांगावा.

आता ओझ्याकडे वळू. गाडी २५०० किलो आणि मागचा ट्रेलर ३५०० किलो, असे एकूण ६००० किलो वस्तुमान धरू. अ‍ॅरिझोना राज्यात डेव्हिस धरणापासून वर जाणारा सुमारे १८ किलोमीटरचा एक रस्ता आहे. त्याचा सरासरी चढ सुमारे ५ टक्के, म्हणजे १०० मीटर चालल्यावर ५ मीटर उंची. अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेने २००८ साली ओढण्याच्या क्षमतेची जी प्रमाण चाचणी ठरवली, तिच्यात हाच चढ आहे. ३८ अंश सेल्सिअस तापमानात, वातानुकूलन चालू ठेवून, साध्या पिकअपने ताशी ६४ किलोमीटरपेक्षा वेग कमी न होऊ देता तो चढायचा असतो.

या चढावर गुरुत्वाकर्षणाचे मागे खेचणारे बल ६००० × ९.८ × ०.०५ = २९४० न्यूटन. टायरच्या घर्षणाचे सुमारे ७०० आणि हवेच्या विरोधाचे आणखी सुमारे ७०० धरले, तर एकूण ४३४० न्यूटन. वेग सेकंदाला १७.८ मीटर. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, म्हणून चाकांपाशी सुमारे ७७ किलोवॅट हवेत. वाटेतल्या गिअरमध्ये १५ टक्के वाया जाते असे मानले, तर इंजिनाने सुमारे ९० किलोवॅट दिले पाहिजेत.

ही गरज आसाच्या गुणोत्तराने बदलत नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवे. गिअर शक्ती निर्माण करत नाही. ती शक्ती इंजिनाने किती फेऱ्यांवर आणि किती टॉर्कने द्यायची, एवढेच तो ठरवतो.

टायरचा व्यास ८० सेंटिमीटर असेल, तर ताशी ६४ किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला ४२४ फेरे घेते. १९९० च्या दशकात जनरल मोटर्सच्या अनेक पिकअपमध्ये ४ गतींची स्वयंचलित गिअरपेटी असे. तिची गुणोत्तरे ३.०६, १.६३, १ आणि ०.७० अशी होती. समजा, आपल्या इंजिनाचा कमाल टॉर्क ४४० न्यूटन-मीटर आहे. आस ३.४२ चा असेल, तर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन १४५० फेऱ्यांवर चालेल आणि ९० किलोवॅटसाठी त्याला जवळजवळ ५९० न्यूटन-मीटर द्यावे लागतील. ते शक्यच नाही. दुसऱ्या गिअरमध्ये २३६० फेऱ्यांवर ३६३ न्यूटन-मीटर पुरतात. गाडी चढेल, पण हाताशी उरतात ७७. आस ४.१० चा असेल तर तिसरा गिअर इथेही अपुराच पडतो. मात्र दुसऱ्यात इंजिन २८३० फेऱ्यांवर चालते, ३०३ न्यूटन-मीटरमध्ये काम भागते आणि १३७ शिल्लक राहतात. ही शिल्लक जवळजवळ दुप्पट आहे. पुढे चढ अधिक तीव्र झाला किंवा समोरून वारा सुटला, तर तीच उपयोगी पडते.

मग सर्वांनी ४.१० च का घेऊ नये? सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरने, चौथ्या गिअरमध्ये, ३.४२ च्या आसाला इंजिनाचे सुमारे १५९० फेरे लागतात आणि ४.१० ला १९००. वर्षातले बहुतेक दिवस गाडी रिकामी धावणार असेल, तर या जादा फेऱ्यांचे इंधन आणि आवाज फुकट सोसावे लागतात. शिवाय खरेदीनंतर विचार बदलला, तर आस उघडून क्राउन-पिनियनची जोडीच बदलावी लागते. चारही चाके ओढणाऱ्या गाडीत पुढच्या आसाचीही बदलावी लागते, कारण दोन्ही आसांचे गुणोत्तर जुळलेच पाहिजे.

टायर बदलला तरी हिशोब बदलतो. रुबाबासाठी ८० ऐवजी ९० सेंटिमीटरचे टायर बसवले, तर ४.१० चा आस प्रत्यक्षात ४.१० × ८० ÷ ९०, म्हणजे ३.६४ सारखा वागतो. ओढण्यासाठी मोजलेले जादा पैसे असे टायरमध्ये जिरून जातात.

गेल्या काही वर्षांत गिअरपेट्याही बदलल्या आहेत. फोर्डच्या एफ-१५० या पिकअपमध्ये २०१७ सालापासून १० गतींची पेटी आली. तिचा पहिला गिअर ४.६९ चा आहे. त्याच्या जोडीला ३.३१ चा आस असला, तरी पहिल्या गिअरमध्ये एकूण गुणाकार १५.५ होतो. जुन्या पेटीत ४.१० चा आस लावूनही तो १२.५ च होता. शिवाय मधले गिअर जवळजवळचे असल्याने इंजिनाला सोयीचे फेरे जवळजवळ नेहमीच सापडतात. म्हणून 'ओढायचे तर ४.१०' हा जुना नियम आज डोळे मिटून लावता येत नाही. आस आणि गिअरपेटी यांचा गुणाकार पाहावा लागतो.

यापेक्षा महत्त्वाची बाब उताराची आहे. डेव्हिस धरणाचा तोच रस्ता उतरताना आपली ६००० किलोची जोडी सुमारे ९०० मीटर खाली येते आणि ५३० लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. हवा आणि टायर त्यातली निम्मी पचवतात असे धरले, तरी उरलेल्या ऊर्जेने ३० अंशांचे सुमारे ९० लिटर पाणी उकळबिंदूपर्यंत तापेल. ही सर्व उष्णता ब्रेकवर सोडली, तर ते तापून निकामी होऊ शकतात. खालच्या गिअरमध्ये उतरले, तर यातला मोठा भार इंजिन उचलते. मोठ्या गुणोत्तराचा आस इथेही मदत करतो, पण ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक त्याने अनावश्यक ठरत नाहीत. तसेच त्याने गाडीची चौकट, जोडणीचा हूक किंवा टायर अधिक मजबूत होत नाहीत. निर्मात्याने सांगितलेली वजनाची मर्यादा आसाच्या बळावर ओलांडणे म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे.

वर्गात हा विषय घेण्यासाठी गिअरची एक सायकल पुरे. ती उलटी ठेवून विद्यार्थ्यांना पुढच्या आणि मागच्या चक्राचे दाते मोजायला सांगा. पॅडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती फिरते ते प्रत्येक गिअरमध्ये नोंदवा. मग एका विद्यार्थ्याने चाकाला हाताने हलकेच अडवावे आणि दुसऱ्याने पॅडल फिरवून किती जोर लागतो ते पाहावे. चाक बोटे घालून अडवू नये, टायरवर जाड कापड धरून अडवावे. फेरे कमी झाले की जोर वाढतो आणि जोर कमी झाला की फेरे वाढतात, हे मुलांच्या हातांनाच कळेल. त्यानंतर ३.४२ आणि ४.१० मधील फरक फळ्यावर समजावणे सोपे जाते.