झाकण लावलं का?

थिनर, स्पिरिट, अ‍ॅसिटोन, रॉकेल, पेट्रोल : डाग काढणाऱ्या आणि क्षणात भडकणाऱ्या द्रवांच्या चौदा चटपटीत गोष्टी, थेट नाशिकरोडहून

नाशिकरोड म्हणजे शाईचं गाव. 1925 साली इथे इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि लंडनहून छापून येणारी पोस्टाची तिकिटं इथे निघू लागली. 1928 साली शेजारीच करन्सी नोट प्रेस आली आणि पाच रुपयांच्या नोटेपासून कामाला लागली. आज पासपोर्टही इथेच छापला जातो. शाई आली की शाई पुसणारंही काहीतरी लागतंच. लग्नपत्रिका छापणारा मशीनमन, चौकातला मोबाइल दुरुस्त करणारा, गॅरेजवाला, रंगारी, नेलपॉलिश काढणारी ताई, अशा प्रत्येकाच्या हाताशी एक तरी उडणारं, पेटणारं द्रावण असतं. त्याची ओळख नीट करून घेऊ. ही माहिती हसतखेळत वाचा, पण लक्षात पक्की ठेवा.

1. जळतो तो द्रव नाहीच!
जळते ती त्याची वाफ. मेणबत्ती फुंकल्यावर जो पांढरा धूर निघतो, तो पुन्हा पेटतो. कारण तो धूर म्हणजे मेणाचीच वाफ असते. समईतल्या तिळाच्या तेलाची वाफ सहजी होत नाही, म्हणून तिथे वात लागते. थिनरला वात लागत नाही. डबा उघडला की वाफ तयार, आणि आजूबाजूची हवा हीच त्याची वात. म्हणून आग विझवायचं पहिलं साधन भिंतीवरचा लाल सिलिंडर नव्हे, डब्याचं झाकण.

2. निफाडच्या थंडीतही पेटणार
ज्या तापमानाला द्रवावर पेटण्याजोगी वाफ जमते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा उणे 40 अंशांच्या आसपास, अ‍ॅसिटोनचा उणे 20 च्या जवळपास, टोल्युइनचा 4, तर प्रेसमध्ये ज्याला नुसतं ‘आयपीए’ म्हणतात त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा 12 अंश. निफाडच्या द्राक्षबागांत पानावरचं दव गोठतं, त्या पहाटेही पेट्रोल आणि अ‍ॅसिटोन पेटायला तयारच असतात. रॉकेलचा आकडा साधारण 38 च्या पुढे. म्हणजे जानेवारीत रॉकेल त्यातल्या त्यात शांत, पण मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्याचाही भरवसा धरू नका.

3. वाफ जमिनीवरून सरपटते
आपल्याला वाटतं, वाफ वर जाते. या वाफा खाली बसतात. अ‍ॅसिटोन आणि आयपीएची वाफ हवेच्या दुप्पट जड, तर टोल्युइन आणि पेट्रोलची तिपटीहून जड. त्या पाण्यासारख्या उताराकडे जातात, मोरीत आणि गटारात साचतात, दाराच्या फटीतून पलीकडच्या खोलीत शिरतात. तिथे पाण्याची मोटर सुरू झाली, फ्रिजचा स्विच टिचकला किंवा देवघरात निरांजन तेवत असलं, की आग त्याच वाटेने मागे डब्यापर्यंत धावत येते. काम गॅलरीत होतं आणि दिवा आतल्या खोलीत होता, एवढ्यावर निश्चिंत राहू नका.

4. एक लिटर, अख्खी खोली
हिशेब करून बघा. एक लिटर अ‍ॅसिटोन पूर्ण उडालं तर सुमारे 330 लिटर वाफ होते. हवेत ती अडीच टक्के झाली की पेटू शकते. म्हणजे एका लिटरमध्ये 13 घनमीटर हवा पेटण्याजोगी करण्याची ताकद. सहा बाय आठ फुटांची, नऊ फूट उंच खोली याहून थोडी लहानच भरते. आपल्याकडचं माळ्याखालचं सामानघर असंच असतं. खिडकी उघडी ठेवा हा सल्ला म्हणूनच इतक्या आग्रहाने देतात.

5. नोटेमागे एरंडेल
खिशातली शंभराची नोट काढा आणि गांधीजींच्या चित्रावरून अंगठा फिरवा. खरखर लागते ना? ती इंटॅग्लिओ छपाई. धातूच्या प्लेटवर कोरलेल्या रेषांत शाई भरायची, वरची जास्तीची शाई पुसून काढायची आणि मग प्रचंड दाबाने कागदावर उमटवायची. ही पुसण्याची क्रिया प्रत्येक छापाला करावी लागते. शाई पुसणारा रूळ पूर्वी ट्रायक्लोरोएथिलीनसारख्या सॉल्व्हंटने धूत. आता जगभर त्या जागी पाणी, कॉस्टिक सोडा आणि सल्फोनेटेड एरंडेल यांचं मिश्रण आलं आहे. कॉस्टिकपासून हात आणि डोळे जपावे लागतात, पण सॉल्व्हंटच्या वाफेचा प्रश्न मिटला. धोकादायक वस्तू जपून वापरण्यापेक्षा ती वापरायचीच गरज न उरणं हे सगळ्यात चांगलं.

6. ड्रायक्लीनिंगचा जन्म एका सांडलेल्या दिव्यातून
गोष्ट अशी सांगतात : एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधल्या झां-बाप्तिस्त जोली या रंगाऱ्याच्या घरी टेबलक्लॉथवर दिव्यातलं तेल सांडलं, आणि सांडलं तिथलं कापड आणखी स्वच्छ झालं! मग टर्पेंटाइन, बेंझिन, पेट्रोल असं सगळं कपडे धुवायला वापरलं गेलं. दुकानं पेटू लागली. शेवटी 1920 च्या दशकात अमेरिकेत अटलांटाच्या स्टॉडर्ड या ड्रायक्लीनरने संशोधकांच्या मदतीने कमी भडकणारं द्रावण आणलं. त्याचा फ्लॅश पॉइंट सुमारे 38 अंश. आपल्याकडे लाँड्रीत आणि रंगकामात चालणारं मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे एमटीओ, याच घराण्यातलं. खरं टर्पेंटाइन चीड वृक्षाच्या राळेपासून निघतं, तर एमटीओ खनिज तेलापासून. दोन्हींच्या डब्यावर ज्वाळेचं चित्र असतंच.

7. ‘पेटत नाही’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ नव्हे
कार्बन टेट्राक्लोराइड हा द्रव एके काळी डाग काढायलाही वापरत आणि आग विझवायलाही! पेटत नाही म्हणून सगळे खूश होते. पण तो यकृत आणि मूत्रपिंडावर घाव घालतो, आणि फार तापला तर त्यातून फॉस्जिन हा विषारी वायू निघतो. पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला गेला तोच हा वायू. ट्रायक्लोरोएथिलीनचा समावेश आज माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत होतो. तेव्हा डब्यावर ज्वाळेचं चित्र नसलं तरी बाकीची चित्रं बघायची. कवटी दिसली किंवा छातीवर चांदणी फुटलेला माणूस दिसला, तर हातमोजे आणि मोकळी हवा हवीच.

8. चिंध्यांचा बोळा आपोआप पेटतो
काडी नाही, ठिणगी नाही, तरी आग! जवसाच्या तेलासारखी सुकणारी तेलं हवेतला ऑक्सिजन घेतात आणि गरम होतात. चिंधी पसरलेली असेल तर उष्णता उडून जाते. बोळा करून कोपऱ्यात टाकली तर उष्णता आत कोंडते, वाढत जाते आणि बोळा पेटतो. 23 फेब्रुवारी 1991 रोजी फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या उंच इमारतीला लागलेली आग जवसतेलाच्या चिंध्यांपासूनच सुरू झाली. त्यात अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. लाकडाला पॉलिश केल्यावर, ऑइलपेंट पुसल्यावर चिंध्या बाहेर एकेक करून पसरा, नाहीतर पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

9. स्वेटरची ठिणगीही पुरते
हिवाळ्यात दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो. आपल्याला जाणवेल अशा चटक्यात साधारण एक मिलीजूल ऊर्जा असते. पेट्रोलच्या वाफेला पेटायला याच्या पाव भागाइतकीच पुरते! म्हणजे न जाणवणारी ठिणगीही आग लावू शकते. द्रव नळीतून वाहताना, उंचावरून प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पडताना असाच विद्युतभार साठतो. म्हणून पत्र्याचा कॅन वापरा, तो गाडीवर न ठेवता जमिनीवर टेकवून भरा, आणि धार सावकाश सोडा.

10. भरलेल्या ड्रमपेक्षा रिकामा ड्रम वाईट
काठोकाठ भरलेल्या ड्रममध्ये हवेला जागाच नसते. ‘रिकाम्या’ ड्रममध्ये तळाशी वाटीभर द्रव उरतो आणि वरची सगळी जागा वाफ आणि हवेच्या मिश्रणाने भरते. पाण्याची टाकी किंवा भट्टी करायला असा ड्रम कापायला घेतला, कटरची ठिणगी आत गेली, की झाकण तोफेच्या गोळ्यासारखं उडतं. भंगारातून आणलेल्या ड्रममध्ये आधी काय होतं हे माहीत नसेल, तर त्याला कटर किंवा वेल्डिंग लावूच नका.

11. कायद्याची चावी नागपुरात
पेट्रोल आणि स्फोटकांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, ‘पेसो’चं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. 1934 चा पेट्रोलियम कायदा सांगतो की सगळ्यात ज्वालाग्राही, म्हणजे ‘अ’ वर्गातलं पेट्रोलियम विक्रीसाठी नसेल तर परवान्याविना जास्तीत जास्त 30 लिटर बाळगता येतं. तेही घट्ट बुचाच्या भांड्यात : काचेचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर 25 लिटरपर्यंत. आणि नाशिकरोड स्टेशनवर गाडीत चढताना पिशवीत थिनर किंवा पेट्रोल असेल तर? 1989 च्या रेल्वे कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चालत्या डब्यात बाटली फुटली, तर शेकडो माणसांना पळायला जागा नसते.

12. टँकरची पाटी वाचा
मनमाडजवळच्या पानेवाडीत इंधनाचे मोठे डेपो आहेत, त्यामुळे आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर टँकर रोजचेच. पुढच्या वेळी मागची पाटी बघा. 1203 म्हणजे पेट्रोल, 1223 रॉकेल, 1090 अ‍ॅसिटोन, 1219 आयपीए. हे आकडे जगभर तेच. पेट्रोलच्या पाटीवर 3YE असंही दिसेल : 3 म्हणजे फोम वापरा, E म्हणजे लोकांना लांब हलवायचा विचार करा. टँकर उलटला तर बादल्या घेऊन धावू नका. पाटीवरचा आकडा लांबूनच वाचा आणि 112 ला कळवा. तो एक आकडा अग्निशमन दलाचा मोलाचा वेळ वाचवतो.

13. पाण्याच्या बाटलीत थिनर कधीच नाही
हा नियम मोडण्यात आपण सगळेच पटाईत. रंगारी उरलेलं थिनर देतो, घरातली रिकामी पाण्याची बाटली हाताशी असते. दुपारी तहानलेलं मूल तीच उचलतं. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर पोटात गेलं तर उलटी काढायची नाही. मीठपाणी नको, घशात बोट नको. उलटीबरोबर ते फुप्फुसात शिरतं आणि खरा घात तिथे होतो. तोंड पुसा, बाटली बरोबर घ्या आणि 108 ला फोन करा. मूळ डबा, मूळ लेबल, वरचं कपाट आणि कुलूप हाच यावरचा उपाय.

14. पेटलंच तर
पेट्रोल, रॉकेल, थिनर यांच्यावर पाण्याची बादली ओतू नका. ते पाण्यावर तरंगतात आणि आग आणखी पसरते. लहान आग असेल तर वाळू, पावडरचा सिलिंडर किंवा भांड्यावर सरकवलेलं पत्र्याचं झाकण. पेटलेलं भांडं उचलून बाहेर न्यायला जाऊ नका, ते हातावरच सांडतं. स्पिरिट आणि सॅनिटायझरची ज्योत फिकट निळी असते, उन्हात दिसतही नाही, म्हणून हात पूर्ण सुकल्याशिवाय शेगडी लावू नका. कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही. जमिनीवर लोळायचं, सुती सतरंजी किंवा घोंगडी गुंडाळायची, भाजल्यावर साधं वाहतं पाणी घ्यायचं. आग हाताबाहेर जाते असं वाटलं की बाहेर पडा आणि 101 फिरवा.

या 101 च्या पलीकडे जे जवान असतात, त्यांच्यासाठी देश 14 एप्रिल हा दिवस पाळतो. 1944 साली त्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर आग लागली. कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकाच जहाजावर होती. आग विझवताना 66 जवान गेले. कोणती वस्तू कोणत्या वस्तूशेजारी ठेवतो, याला इतकी किंमत असते. आपल्या घरातही तेच. थिनरशेजारी कापूर नको, स्पिरिटशेजारी गॅस नको.

दिवाळी जवळ आली की नाशिकरोडच्या घराघरांत खिडक्यांच्या जाळ्यांना ऑइलपेंट लागतो. ब्रश थिनरच्या वाटीत बुडवून ठेवलेला असतो, ती वाटी उंबऱ्याजवळ असते, आणि संध्याकाळी त्याच उंबऱ्यावर पणती येते. यंदा रंगकाम वसुबारसेच्या आधी उरका. वाटीतलं उरलेलं थिनर मूळ डब्यात ओता आणि डबा उंबऱ्यापासून लांब ठेवा. घराबाहेर पडताना आपण एकमेकांना विचारतोच, ‘गॅस बंद केला का?’ त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न घरात रुळू द्या : ‘झाकण लावलं का?’