चार पाण्यांचा मळा

मृगाचा पाऊस लांबला की परभणी जिल्ह्यातील काळ्या जमिनीच्या भेगा अधिकच रुंद होतात. कचेरीत बसलेला कारकूनही मग खिडकीतून आभाळाकडे पाहू लागतो, कारण त्याचेही कोणी तरी गावी बांधावर उभे असते. अशा मुलखात पाण्यावाचून मळा नाही, ही गोष्ट कोणास पटवून द्यावी लागत नाही. म्हणूनच स्पेन देशातील एका संन्यासिनीने सोळाव्या शतकात ख्रिस्ती साधनेचे जे रूपक मांडले, ते आपल्या वाचकांस परके वाटू नये.

आविला नगरीची तेरेसा (१५१५-१५८२) ही कार्मेल संघातील संन्यासिनी. पोप सहावे पॉल यांनी १९७० साली तिला धर्माचार्य ही पदवी दिली. हा मान मिळालेली ती पहिलीच स्त्री. आपल्या आत्मचरित्रात ती म्हणते की, माणसाचे अंतःकरण ही तणाने माजलेली पडीक जमीन आहे. तण उपटून चांगली रोपे लावण्याचे काम धन्याने, म्हणजे परमेश्वराने, केले आहे. माळ्याने ती रोपे जगवावयाची. त्यांना पाणी चार प्रकारांनी मिळते. विहिरीतून पोहऱ्याने शेंदावे, रहाटाने काढावे, ओढ्यानदीचे पाटाने आणावे, किंवा आभाळातून पाऊस पडावा. उत्तरोत्तर माळ्याचे कष्ट कमी होतात आणि पाणी वाढत जाते. प्रार्थनेच्या या चार पायऱ्या होत.

यातील चौथे पाणी सर्वांनाच हवे असते. प्रश्न पहिल्याचा आहे. रोज ठरल्या वेळी शांत बसणे, शास्त्राचा एखादा अध्याय वाचणे, दिवसभरातील आपली चूक आपणच कबूल करणे, ही शेंदण्याची कामे. त्यांत हात दुखतात आणि कित्येकदा पोहरा रिकामाच वर येतो. तेरेसेने हे लपविलेले नाही. प्रार्थनेस बसले असता ठरविलेला तास केव्हा संपतो याकडेच आपले लक्ष असे, अशी कबुली तिने दिली आहे. शेवटच्या तासाला घंटेची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आणि शिक्षकालाही ही कबुली धीर देणारी आहे. विहीर आटली तरी माळ्याने मळा सोडून जाऊ नये, एवढेच तिचे सांगणे.

यावर कोणी म्हणेल की, ख्रिस्ती धर्मात तारण कृपेने होते. मग हे कष्ट कशासाठी? आक्षेप रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर विहिरीपाशीच मिळते. पोहरा ओढणारा पाणी निर्माण करीत नाही. झरा त्याच्या हातचा नसतो, दोर मात्र त्याच्या हातात असतो.

तिसऱ्या पाण्याविषयी आपल्या जिल्ह्याचा अनुभव विशेष बोलका आहे. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा. पैठणहून निघालेले त्याचे पाणी परभणी जिल्ह्यापर्यंत येते. पण ते पाळीने येते, आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाळीची वाट पाहत बसावे लागते. कालवा आला म्हणून ज्याने आपली विहीर बुजू दिली, त्याची अशा वेळी फजिती होते. उपासना, प्रवचन, नाताळचा उत्सव ही सारी समाजाच्या पाटाने येणारी पाणी आहेत. ती हवीतच. परंतु ख्रिस्ती घरे विरळ असलेल्या तालुक्याच्या गावी बदली झालेल्या शिक्षकाला ना चर्च जवळ, ना धर्मगुरू. वडिलांकडून आलेला धर्म त्याच्याजवळ किती उरतो, हे त्याच्या घरच्या विहिरीवरूनच ठरते. ही गोष्ट एका धर्माच्या लोकांपुरती खरी आहे, असेही नाही.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. काळ्या जमिनीला पाणी वारेमाप दिले आणि निचरा ठेवला नाही, तर क्षार वर येतात व जमीन चोपण होते. वरून ओलसर दिसणाऱ्या त्या जमिनीत काही उगवत नाही. केवळ भावनेने भिजलेल्या धार्मिकतेचे असेच होते. भजनात डोळे पाणावतात. पण दारातल्या गरजवंताकडे जाणारा चर खणलेला नसतो. चोपण जमिनीवर पहिला उपाय चर खणण्याचाच सांगतात, आणि अंतःकरणाचा निचरा म्हणजे सेवा. पंडिता रमाबाईंनी शारदासदनाला उत्पन्न व्हावे म्हणून केडगाव येथे फळबागेसाठी जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुलींना त्याच भूमीवर आसरा मिळाला आणि मुक्ती सदन उभे राहिले. बाईंची भक्ती चोपण झाली नाही, याचे रहस्य यातच असावे.

मळा आणि भक्ती यांचे नाते आपल्या मातीला नवे नाही. अरणच्या सावता माळ्याला पांडुरंग आपल्या भाजीपाल्यातच भेटला. ख्रिस्तचरित्रातही पुनरुत्थानाच्या पहाटे मग्दालीया मरीयेला समोर उभा असलेला प्रभू प्रथम माळीच वाटला. तिची चूक झाली खरी, पण फार दूरची नव्हे. लूकच्या शुभवर्तमानातील दृष्टान्तात तीन वर्षे फळ न देणारे अंजिराचे झाड तोडावयास धनी सांगतो. तेव्हा माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो आणि भोवती खणून खत घालण्याचे पत्करतो.

आज निकालाची घाई सर्वत्र आहे. परीक्षेचा निकाल हवा, अर्जाचा निकाल हवा, प्रार्थनेचाही निकाल हवा. त्या माळ्याने मागितलेले एक वर्ष आपण ना दुसऱ्याला देतो, ना स्वतःला. पाऊस केव्हा पडेल हे वेधशाळेलाही नेमके सांगता येत नाही. मग मनुष्याच्या अंतरात तो केव्हा पडेल हे कोणी सांगावे? मात्र तो पडेल तेव्हा रोप जिवंत असले पाहिजे. तोवर पोहरा शेंदणे एवढेच माळ्याच्या हाती आहे, आणि तेवढे पुरेसे आहे.